अपोफिसिस ७एक्स : चित्र कुठे थांबवायचं हे ठरवायला किती उपयोगी?

फ्लेम फ्रॅक्टल म्हणजे गणिती सूत्रांनी असंख्य ठिपके उमटवून काढलेलं चित्र. ती करणाऱ्यांच्या संगणकावर अपोफिसिस हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा असतंच. स्कॉट ड्रेव्हज यांनी १९९२ मध्ये फ्लेमची पद्धत काढली, मार्क टाउनसेंड यांनी ती विंडोजवर अपोफिसिसच्या रूपाने आणली, आणि ७एक्स ही त्याचीच पुढची वाढवलेली आवृत्ती. ती फुकट आहे, छोटी आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालते. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नाभोवती आहे. फ्रॅक्टलमध्ये एक आकडा हलवला की दुसरं चित्र तयार होतं, त्यामुळे काम आपोआप कधीच संपत नाही. चित्र पूर्ण झालं का, हे ठरवायला हे सॉफ्टवेअर कुठे मदत करतं आणि कुठे फसवतं?

सगळ्यात जास्त मदत एडिटरमध्ये मिळते. चित्रातला प्रत्येक ट्रान्सफॉर्म, म्हणजे ठिपका कुठून कुठे न्यायचा हे सांगणारं सूत्र, तिथे त्रिकोण म्हणून दिसतो. रचना जमली असं वाटलं की एकेक त्रिकोण काढून बघायचा आणि लगेच अनडू करायचं. काढल्यावर काहीच बिघडलं नाही, तर तो त्रिकोण नुसता भार होता. चित्र कोसळलं, तर तो कणा आहे, त्याला हात लावू नका. इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो. त्रिकोण काढला किंवा त्याचं वेट (तो किती वेळा निवडला जातो ते) शून्य केलं की ठिपक्यांचा सगळा प्रवासच बदलतो, कारण प्रत्येक ठिपका या ट्रान्सफॉर्ममधून त्या ट्रान्सफॉर्ममध्ये उड्या मारत पुढे जातो. रंगांच्या टॅबमधली ओपॅसिटी शून्य केली तर प्रवास तोच राहतो, फक्त त्या ट्रान्सफॉर्मचे ठिपके उमटत नाहीत. मध्यभागी नको असलेला पांढरा गोळा जमला असेल तर त्रिकोण उडवू नका, आधी ओपॅसिटी कमी करून बघा. बाकीची जाळी जशीच्या तशी राहते. त्याच टॅबवर सोलो आहे. एका वेळी एकच ट्रान्सफॉर्म काय काढतोय ते त्यात दिसतं. सात-आठ त्रिकोणांच्या चित्रात दोन त्रिकोण जवळपास एकच आकृती एकावर एक काढत असतात, ते पकडायला सोलोसारखं साधन नाही.

म्युटेशनची खिडकी याच्या अगदी उलट आहे. मधल्या चित्राभोवती आठ भावंडं दिसतात आणि त्यातलं एखादं नेहमीच जास्त आकर्षक वाटतं. सुरुवातीला दिशा शोधायला ती उत्तम. रचना ठरल्यावर ती उघडू नये. तिथून मिळतं ते वेगळंच चित्र, आणि हातातलं अर्धवट राहतं.

रंगाच्या बाबतीत घाई नको. ग्रेडियंट (चित्राला रंग देणारी पट्टी) बदलला की सामान्य चित्रही नवं वाटायला लागतं, म्हणून रचनेचा निकाल रंगाशिवाय लावावा. एक छोटं रेंडर, म्हणजे तयार चित्र, काढून गिंप किंवा क्रितासारख्या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा रंग काढून टाका. करड्या छटांत नजर कुठे थांबते ते कळत नसेल, तर ग्रेडियंट कितीही बदलला तरी कळणार नाही. अशा वेळी एडिटरकडे परत जायचं. चित्र अंगठ्याएवढं करून पाहणं हीसुद्धा चांगली कसोटी आहे. लहान आकारात मुख्य आकृती ओळखू आली पाहिजे.

नवशिक्यांची खरी फसगत होते ती प्रीव्ह्यूमुळे. प्रीव्ह्यू कमी डेन्सिटीवर चालतो, म्हणजे दर पिक्सेलमागे थोडेच ठिपके पडतात. चित्राची उजळता ठिपक्यांच्या संख्येच्या लॉगॅरिदमवरून ठरते आणि वर गॅमा (अंधुक छटा किती उजळायच्या हे ठरवणारा आकडा) लागतो, त्यामुळे अंधुक भाग मुद्दाम उजळ होऊन दिसतात. ठिपके सगळ्यात कमी तिथेच असतात, म्हणून वाळू टाकल्यासारखा दाणाही तिथेच दिसतो. हा दाणा चित्राचा दोष समजून लोक गॅमा उतरवतात किंवा ब्लरचं व्हेरिएशन (ट्रान्सफॉर्ममध्ये घालायचं आकार बदलणारं सूत्र, इथे धूसर करणारं) घालतात, आणि शेवटच्या रेंडरमध्ये जे तलम धुकं दिसलं असतं ते कायमचं जातं. प्रीव्ह्यूतला दाणा बघून रचनेत काहीही बदलू नका.

मग डेन्सिटी किती ठेवायची? दाणा निम्मा करायचा तर डेन्सिटी चौपट लागते, आणि वेळही चौपट. स्क्रीनवर पाहायच्या चित्राला ५०० पासून सुरुवात ठीक आहे. छापायच्या आणि धूसर पडदे असलेल्या चित्राला २००० ते ४००० लागू शकते. ठळक, भरीव आकृतीला त्याच्या पावपटीतही भागतं. पूर्ण आकाराचं रेंडर लावण्याआधी चाचणी कशी करायची, हे या सॉफ्टवेअरमध्ये कुठे लिहिलेलं नाही, पण पद्धत सोपी आहे. डेन्सिटी दर पिक्सेलला मोजली जाते. म्हणून ३५०८ × ४९६१ चं ए-३ चित्र हवं असेल, तर तीच डेन्सिटी ठेवून ८७७ × १२४० चं रेंडर काढा. वेळ सुमारे सोळावा हिस्सा, पण दाण्याचं प्रमाण जवळपास मोठ्या चित्राइतकंच. सगळ्यात काळोखा कोपरा शंभर टक्के झूमवर पाहा. तिथे दाणा उरला नसेल तर तो आकडा पक्का. थोडासाच उरला असेल तर गॅमा थ्रेशोल्ड (अगदी अंधुक भागांवर गॅमाचा जोर कमी करणारी मर्यादा) ०.०१ वरून ०.०४ पर्यंत वाढवून बघा. त्यापुढे गेलात तर नाजूक शेपट्या मधेच तुटल्यासारख्या दिसू लागतात.

ओव्हरसॅम्पल (प्रत्येक पिक्सेल आडवा-उभा किती घरांत मोजायचा) २ आणि फिल्टर रेडियस (शेजारची घरं किती दूरपर्यंत मिसळायची) ०.४ ही जोडी बहुतेक चित्रांना पुरते. रेडियस १ च्या वर नेला की दाणा झाकला जातो, पण बारीक रेषाही मऊ पडतात. ओव्हरसॅम्पल ३ करण्याआधी मेमरीचा हिशेब करा. ए-३ ला ओव्हरसॅम्पल २ म्हणजे ७०१६ × ९९२२ घरं. प्रत्येक घराला १६ बाइट धरले तर सुमारे १.१ जीबी. ३ केलं की अडीच जीबी, आणि ते ३२-बिट आवृत्तीला झेपत नाही. मग ती चित्राचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्यासाठी सगळे ठिपके पुन्हा मोजते आणि तुकड्याबाहेरचे फेकून देते. दोन तुकडे म्हणजे जवळपास दुप्पट वेळ.

शेवटचं रेंडर लावण्याआधी रुंदी-उंचीचं गुणोत्तर ठरवून टाका. चौरसात जमवलेली रचना आयत्या वेळी आडवी केली की चौकट बदलते आणि कडेला नको ते डोकावू लागतं. फ्लेम फाइल प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या नावाने ठेवा. ती साधी मजकुराची फाइल असते, जागा नगण्य. प्लगइनमधलं व्हेरिएशन वापरलं असेल तर त्या प्लगइनची प्रतही तिच्यासोबत ठेवा. दुसऱ्या संगणकावर ते नसेल तर वेगळंच चित्र उघडेल.

एक मोठी उणीव आहे, आणि ती याच प्रश्नाशी निगडित आहे. इथे डेन्सिटी आधी सांगावी लागते, मग वाट बघायची. केओटिका या दुसऱ्या फ्लेम सॉफ्टवेअरमध्ये चित्र डोळ्यांसमोर हळूहळू स्वच्छ होत जातं आणि पुरेसं वाटलं की थांबवता येतं. ते अपोफिसिसच्या फ्लेम फाइल उघडतं, पण पूर्ण आवृत्तीला पैसे पडतात. मॅक किंवा लिनक्सवर काम करणाऱ्यांनी जेवाइल्डफायर घ्यावं. तेही फुकट आहे, फक्त त्याच्या खिडक्यांमध्ये इतकी बटणं आहेत की पहिले काही दिवस हरवायला होतं.

त्रिकोणांशी थेट खेळून रचना घडवायला आणि ती कधी पुरी झाली हे तपासायला अपोफिसिस ७एक्सच घ्या. अंधुक, धुक्याचे पडदे असलेलं मोठं चित्र छापायचं असेल, तर रचना इथे पक्की करून शेवटचं रेंडर केओटिकात काढा. उघडल्यावर दोन्हीकडची चित्रं शेजारी ठेवून रंग आणि उजळता जुळवून घ्या.