भागाकार बरोबर, भाजक संशयास्पद

घराच्या किमतीला क्षेत्रफळाने भागून निघणाऱ्या दरावरून निरनिराळ्या घरांची तुलना करून देणारी एक ऑनलाइन सेवा मी गेले दोन महिने वापरत आहे. दोन-चार घरे निवडली की ती त्यांचे दर शेजारीशेजारी मांडते आणि परिसराच्या सरासरीपेक्षा कोणते महाग व कोणते स्वस्त, हे रंगीत पट्ट्यांनी दाखवते. मांडणी स्वच्छ आहे आणि चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ हाच गुणक वापरलेला आहे. तोंडी हिशेबात सरसकट दहाने गुणून सुमारे सात टक्के क्षेत्र गमावणाऱ्या माझ्यासारख्याला एवढी शिस्तही उपकारक वाटली.

अडचण सुरू होते ती क्षेत्रफळाच्या रकान्यापाशी. जाहिरातदाराने भरलेला आकडाच ही सेवा भाजक म्हणून घेते. तो चटई क्षेत्राचा, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचा आहे, भिंतींसह बांधीव क्षेत्राचा आहे, की जिना, लिफ्ट आणि सामायिक मार्गिकांचा वाटा मिळवून फुगवलेल्या सुपर बिल्ट-अपचा, याची चौकशी ती करत नाही. मी पाहिलेल्या दोन सदनिका प्रत्येकी १००० चौरस फुटांच्या आणि सारख्याच किमतीच्या, म्हणून सेवेच्या लेखी तंतोतंत बरोबरीच्या होत्या. कागदपत्रे मागवल्यावर पहिलीचे चटई क्षेत्र ७५० आणि दुसरीचे ६५० चौरस फूट निघाले, म्हणजे वापरता येणाऱ्या प्रत्येक चौरस फुटामागे दुसरी १५ टक्क्यांनी महाग पडत होती, आणि पडद्यावर मात्र दोघींपुढे एकच हिरवी पट्टी होती.

मोजणीचे नियम देशोदेशी वेगळे असतात, त्यामुळे हा प्रश्न एका जाहिरातदाराच्या हातचलाखीपुरता उरत नाही. जर्मनीतील २००४ पासून लागू असलेल्या निवासी क्षेत्राच्या नियमावलीनुसार उतरत्या छपराखालचा एक ते दोन मीटर उंचीचा भाग निम्मा धरतात, एक मीटरखालचा मुळीच धरत नाहीत आणि बाल्कनी सर्वसाधारणपणे एक चतुर्थांशच मोजतात. फ्रान्समध्ये सामायिक मालकीच्या इमारतीतील घर विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा वगळतात. एकाच पोटमाळ्याचे त्यामुळे दोन ठिकाणी दोन दर निघू शकतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात.

परिसराची सरासरी काढण्याची पद्धत मला याहून अधिक खटकली. ४०० चौरस फुटांच्या घराचा दर १२ आणि १६०० चौरस फुटांच्या घराचा ८ धरला, तर ही सेवा सरासरी १० दाखवते. एकूण किमतीला एकूण क्षेत्राने भागले तर ती ८.८ येते. लहान घरांचा दर चढा असणे तसे स्वाभाविकच आहे, कारण स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि नळजोडणी यांचा खर्च घर लहान झाले म्हणून त्या प्रमाणात घटत नाही आणि तो थोड्या क्षेत्रावर विभागला जातो. आकारमानानुसार गट पाडण्याची सोय सेवेत आहे खरी, पण ती प्रगत पर्यायांच्या तिसऱ्या पानावर दडवलेली आहे. मला ती सहाव्या आठवड्यात सापडली.

अंशाचीही तीच गत: तेथे विक्रेत्याने मागितलेली किंमत असते, व्यवहार ठरलेली नव्हे, आणि पार्किंगची रक्कम तिच्यात धरली आहे की नाही हे दरवेळी विचारून घ्यावे लागते.

तरीही मी ही सेवा बंद केलेली नाही. क्षेत्रफळाचा आकडा स्वतः बदलण्याची मुभा तिच्यात आहे, म्हणून प्रत्येक घराचे चटई क्षेत्र मागवून, ते हाताने भरून, सारख्या आकाराची घरेच एकमेकांशेजारी ठेवली, की अकरा घरांतून तीन निवडण्याचे काम तासाभरात झाले. पाचपैकी तीन तारे देतो. क्षेत्राचा प्रकार सक्तीने विचारणारा एक रकाना त्यांनी वाढवला, तर चौथाही देईन.