मेरियन हॅरिस ऐकायची तर: इंटरनेट अर्काइव्हच्या ७८च्या संग्रहाची पारख

जुनी नाट्यपदं चवीनं ऐकणारे कान सांगली-मिरजेत आजही आहेत. त्यांना मेरियन हॅरिस ही अमेरिकन गायिका परकी वाटू नये. ती व्हॉडव्हिलची, म्हणजे गाणी, नाच, नकला, कसरती एकाच तिकिटात दाखवणाऱ्या रंगमंचाची. माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असलेला गळा, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर माईक नाही, आवाज गोळा करणारा नुसता कर्णा. बालगंधर्वांच्या सुरुवातीच्या तबकड्याही कर्ण्यासमोरच झाल्या. तिच्या तबकड्या इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाच्या ‘ग्रेट ७८ प्रोजेक्ट’मध्ये, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांच्या संग्रहात, फुकट ऐकता येतात. संग्रह मोलाचा आहे, पण पान उघडताच जी फाइल वाजते तीच उत्तम असेल असं धरून चालू नका.

इथली खरी श्रीमंती सुयांची. पुष्कळशा तबकड्या २.३, २.८, ३.३ आणि ३.८ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा चार जाडीच्या सुयांनी वाजवून चार वेगळ्या फाइली ठेवल्या आहेत. पोलादी पिनांनी खोबणीची भिंत एका ठरावीक खोलीवरच घासली जाते. जाड किंवा बारीक सुई त्याच्या वर-खाली, न झिजलेल्या जागी टेकते. म्हणून एकीत खरखर तर दुसरीत शब्द स्वच्छ. आटोपशीर नावाची फाइल ही ध्वनी अभियंत्याची पसंती असते. ती ऐकाच, पण शब्द फाटत असतील तर उरलेल्या तिन्ही तपासा. एम्पीथ्री नको, आवाज न गमावता साठवणारी फ्लॅक फाइल उतरवा.

दुसरी अडचण इक्वलायझेशनची, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त करून तोल साधण्याची. पसंतीच्या फाइलला बहुधा ते केलेलं असतं. १९२५ नंतरच्या विजेच्या, म्हणजे माईकवरच्या मुद्रणाला ते हवंच. कर्ण्याच्या तबकडीत मात्र उठवायला खर्ज फारसा नसतोच. उठते ती तबकडी फिरवणाऱ्या चकतीची घरघर. तिथे इक्वलायझेशन न केलेली सपाट फाइल घ्या आणि खालचा भाग स्वतः कापा.

वेगावर मात्र वेळ द्यावाच लागतो. ‘७८’ हे नाव झालं. त्या काळातल्या व्हिक्टर या अमेरिकन कंपनीच्या अनेक तबकड्या मिनिटाला ७६ फेऱ्यांच्या आसपास कापलेल्या. ७६ची तबकडी ७८वर फिरवली की सूर जवळजवळ अर्धी पट्टी चढतो, लयही पळते, आणि हॅरिसचा सैलसर, बोलता बोलता गाण्याचा ढंग उतावळा वाटू लागतो. मोबाइलचा ट्यूनर (सूर मोजणारं ॲप) ४४० हर्ट्झ या प्रमाण पट्टीवर ठेवून साथीचा शेवटचा सूर बघा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकत असेल तर वेगावर शंका घ्यावी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड -२.५६ टक्के करा. नुसतं ‘पिच’ बदललं तर लय चुकीचीच राहते. घरच्या पेटीवर जुळवू नका, तिची पट्टी ४४० असेलच असं नाही.

शोधताना कंपनी लक्षात ठेवा: १९१६ पासून व्हिक्टर, १९२० मध्ये कोलंबिया, १९२२ पासून ब्रुन्सविक, १९२७ मध्ये पुन्हा व्हिक्टर. ‘सेंट लुईस ब्लूज’ व्हिक्टरनं मुद्रित करू दिलं नाही म्हणून तिनं कंपनी सोडली असं सांगतात. १९२० मध्ये कोलंबियासाठी तिनं ते गायलंच. अर्काइव्हवरच्या तारखा नेहमी भरवशाच्या नसतात. लेबलवरचा क्रमांक घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेच्या ऑनलाइन सूचीत मुद्रणाची तारीख आणि टेक (त्या गाण्याचं कितवं मुद्रण) पडताळा. व्हिक्टरच्या कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांसाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ अधिक नेटका, पण चार सुयांची निवड तिथे मिळत नाही.

ऐकवायचा कार्यक्रम करायचा तर लहान खोली आणि एकच स्पीकर. फाइल मोनो करून घ्या. दोन्ही चॅनेल एकत्र केले की खोबणीतली उभी खरखर बरीच गळते. नॉइज रिडक्शन जपून, कारण खरखरीबरोबर ‘स’, ‘श’ आणि श्वासही जातात, आणि हॅरिसचं अर्धं गाणं त्या श्वासात आहे. सुरुवात १९१८ च्या ‘आफ्टर यूव्ह गॉन’नं करा, लगेच १९२७ चं ‘द मॅन आय लव्ह’ लावा. पहिलं कर्ण्यावरचं, दुसरं माईकवरचं.