डोरेचं चित्र म्हणून 399 युरोंना गंडा

स्पेनमध्ये राहून जुनी छापचित्रं विकत घेणाऱ्यांनी हे वाचाच. मला नकली चित्र विकणारा माणूस नाव बदलून अजून जाहिराती टाकतोय.

चित्र सेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’ (डॉन क्विक्झोट) या स्पॅनिश कादंबरीच्या दुसऱ्या भागातल्या (1615) अकराव्या अध्यायाचं. सैतान हाकत असलेली नाटकवाल्यांची गाडी, तीत साक्षात मृत्यू, पंखवाला देवदूत, मुकुट घातलेला बादशहा, मृत्यूच्या पायाशी कामदेव. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह डोरेच्या 1863च्या पॅरिस आवृत्तीतलं ‘मूळ पान, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं’ म्हणून विकलं. 385 युरो आणि टपालाचे 14.

संताप होतो तो विकणाऱ्याच्या व्हिडिओचा. चित्राभोवती कागदावर दाबाची चौकट होती; तिच्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, ‘हाच पुरावा’. आणि त्याच व्हिडिओत खालच्या कोपऱ्यात पिझाँची सही स्वच्छ दिसत होती! एलिओदोर पिझाँ म्हणजे डोरेची चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरणारा कारागीर. लाकडात शाई उंच रेषांवर लागते, छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांसारखी. तांब्यात ती खाचांत बसते, म्हणून ओला कागद प्रचंड दाबाखाली जातो आणि पत्र्याची कड उमटते. लाकडावरच्या चित्राला ती चौकट असायचं कारणच नाही. ती त्याने नंतर दाबून काढली होती.

मी नवखा नाही. इबार्रा या मुद्रकाने माद्रिदला 1780 साली छापलेल्या ‘दोन किखोते’च्या आवृत्तीतलं एक पान माझ्याकडे आहे. ते तांब्याचं, त्याला चौकट आहे. ती शोधायची सवय नजरेला असते, आणि या माणसाने नेमकी तीच सवय हेरली. त्याने विकलेलं चित्र घरी भिंगाखाली धरलं तर सलग रेषेऐवजी ठिपक्यांची जाळी. ऑफसेट, म्हणजे आजची यंत्रावरची छपाई! विकत घेण्याआधी भिंगातून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या.

विक्रीच्या ॲपवाल्यांचं म्हणणं, ‘पार्सल मिळाल्याचं बटण दाबलंत, व्यवहार संपला.’ ते बटण पाकीट फोडायच्या आधी दाबू नका. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक कार्यालय म्हणतं, दोन खाजगी व्यक्तींमधला व्यवहार आमच्याकडे येत नाही. पोलीस ठाण्यात ताटकळत बसवलं, आणि तिथल्या माणसाने चित्राकडे ढुंकूनही न बघता विचारलं, ‘पण चित्र तर मिळालं ना?’ अहो, मिळालं ते चित्र नाही, छापील फोटो आहे! स्पेनमध्ये 400 युरोंपर्यंतची फसवणूक किरकोळ गुन्ह्यात मोडते. 385 अधिक 14 हा आकडा योगायोगाने आलेला नाही, हे मी तक्रारीत लिहायला लावलं. त्यांनी शिक्का मारून कागद हातात दिला, पुढे कोणाचा फोन नाही.

जाहिरातीत ‘डोरे’ आणि ‘तांबं’ एकत्र दिसलं तर विकणाऱ्याशी बोलूही नका. डोरेच्या ‘दोन किखोते’ची चित्रं लाकडावरचीच. त्या माणसाच्या कालच्या नव्या जाहिरातीत पवनचक्क्यांचं चित्र आहे, किंमत 380, आणि भोवती तीच चौकट.