खाली मेट्रोचे दोन बोगदे, वर इमारत आणि चौक : तीन रचना, आणि कुठल्या प्लॉटला कुठली

मुंबईची मेट्रो ३, आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटर, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ पासून सलग वापरात आहे. बोगदे खणून झाले, गाड्या धावू लागल्या, आणि आता प्रश्न वरच्या जमिनीचा आहे. गिरगाव, दादर, कसबा, मंडई या भागांत पुनर्विकासाला निघालेल्या प्लॉटखालून किंवा अगदी कडेने हे बोगदे जातात. तिथे इमारत आणि लोकांसाठी खुला चौक दोन्ही बसवायचे, तर साधारण तीन रचना समोर येतात.

पहिली : इमारत बोगद्यांच्या बाजूला, बोगद्यांवर फक्त चौक. दुसरी : इमारत बोगद्यांवरून ओलांडलेली, दोन्ही कडांना पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब), वर ट्रान्सफर गर्डर (वरच्या कॉलमांचा भार पाइलवर नेणारी जाड तुळई) आणि गर्डरखाली किंवा पुढे चौक. तिसरी : बोगद्यांवरच राफ्ट (इमारतीखाली सलग पसरलेला काँक्रीटचा जाड पाया), पण आधी तेवढ्याच वजनाची माती काढून, म्हणजे भारभरपाई.

बहुतेक बैठकांत चर्चा मजल्यांवरून सुरू होते. ती सुरू व्हायला हवी बोगद्यावरचा भार किती बदलतो यावरून.

आधी आकडा समजून घ्या

हाँगकाँगचे नियम या बाबतीत स्पष्ट लिहिलेले आहेत. बोगद्यापासून ३ मीटरच्या आत पाइल, पाया किंवा बोअर नाही. बोगद्यावरच्या दाबातला बदल २० किलोपास्कलच्या आत, म्हणजे चौरस मीटरला साधारण २ टन. बोगद्याची एकूण हालचाल २० मिलिमीटरच्या आत. सिंगापूर हालचालीची मर्यादा १५ मिलिमीटर धरतं. आपल्याकडे १९७८ च्या मेट्रो रेल्वे बांधकाम कायद्याने मार्गालगतचं बांधकाम आणि खोदकाम नियंत्रित करण्याचा अधिकार मेट्रो प्रशासनाला आहे, आणि तुमच्या एनओसीत लिहिलेला आकडा तुम्हाला बांधील. पण प्राथमिक आराखड्यासाठी हाँगकाँगचे आकडे हाताशी ठेवावेत.

चौरस मीटरला २ टन म्हणजे किती? आरसीसीच्या निवासी इमारतीचा एक मजला, भिंती, फरशी, माणसं सगळं धरून, चौरस मीटरला सुमारे १.२ टन. म्हणजे पूर्ण मर्यादा दोन मजल्यांनाही पुरत नाही. आणि ओली माती घनमीटरला सुमारे १.९ टन. म्हणजे एक मीटर भर टाकली की मर्यादा जवळजवळ संपली.

म्हणूनच पहिल्या रचनेत फसगत होते. "बोगद्यावर काहीच नाही, नुसता चौक आहे" असं म्हणत चौक रस्त्यापासून मीटरभर उचलला जातो, वर झाडांसाठी कुंडे बांधले जातात. एक मीटर भर १.९ टन, गर्दीचा भार आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला अर्धा टन, बेरीज २.४. इमारत नसतानाही मर्यादा ओलांडली.

पहिली रचना : इमारत बाजूला

जमेल तिथे हीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण जमेल का, हे प्लॉटच्या रुंदीवर ठरतं. बाहेरून ६.३५ मीटर व्यासाचे दोन बोगदे, मध्ये ८ मीटर मोकळी जमीन, दोन्ही बाहेरच्या कडांना ३-३ मीटर सोडायचे : पट्टा झाला २६.७ मीटरचा. प्लॉट ५० मीटर रुंद असला आणि पट्टा एका कडेने जात असला तर २३ मीटर उरतात. सामासिक अंतर (प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) सोडूनही एक नीट टॉवर बसतो. तोच पट्टा मधोमध गेला तर दोन्हीकडे साडेअकरा-साडेअकरा मीटर उरतात आणि धड काही बसत नाही.

चौकाची पातळी आजच्या जमिनीइतकीच ठेवा. १.२ मीटर माती काढून १.२ मीटर बागेची माती घातली तर भार जवळपास तेवढाच राहतो, आणि मध्यम उंचीच्या झाडांना तेवढी खोली पुरते. पुरामुळे चौक उचलणं भाग असेल तर भरावात जिओफोमचे, म्हणजे थर्माकोलसारख्या हलक्या फोमचे ठोकळे घालतात. घनमीटरला २० किलोच्या आसपास वजन, मातीच्या वजनाचा शंभरावा भाग. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये, जे रेल्वेमार्ग आणि पार्किंगवर उभं आहे, हलक्या फोमचा भराव वापरला आहे. मात्र आपल्या पावसाळ्यात फोमची एक बाजू विसरून चालत नाही : तो तरंगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पाणी चौकाच्या पृष्ठभागापर्यंत चढलं तर एक मीटर फोम दाबून ठेवायला वर साधारण ११० सेंटिमीटर माती लागते, कारण बुडालेल्या मातीचं वजनही निम्म्यावर येतं. तेवढी माती टाकली तर फोम कशासाठी घातला? म्हणून फोमखाली ड्रेनेजचा थर आणि पाणी बाहेर जाण्याची हमखास वाट हवी. ती नसेल तर भाजलेल्या मातीचे हलके गोळे बरे. पेट्रोल सांडण्याची शक्यता असलेल्या जागी फोम नकोच. तो पेट्रोलमध्ये विरघळतो.

अग्निशमन गाडीची वाट चौकातूनच जाणार. सुमारे ४५ टनांची गाडी कुठून येणार आणि कुठे उभी राहणार, हे पहिल्याच नकाशात आखा आणि शक्यतो बोगद्याच्या पट्ट्याबाहेर ठेवा. नंतर हलवायला जागा मिळत नाही.

दुसरी रचना : ओलांडणारी इमारत

लंडनचं ब्रॉडगेटमधलं एक्स्चेंज हाउस (१९९०) लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाच्या रुळांवरून ७८ मीटरच्या कमानींवर पेललेलं आहे. न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्समध्ये रुळांच्या मधल्या जागांत खडकापर्यंत केसन (खोल, जाड पायाखांब) उतरवून वर अख्खा प्लॅटफॉर्म उभा केला. देखण्या रचना आहेत. पण दोन्हीकडे खाली उघडे रूळ होते, आणि कुठे खांब येतोय ते डोळ्यांना दिसत होतं. बोगदा दिसत नाही. सगळी भिस्त सर्व्हेवर असते.

या रचनेचा खर्च एका प्रश्नावर फिरतो : दोन बोगद्यांच्या मधल्या जमिनीत पाइलची रांग बसते का? वरच्याच उदाहरणात मध्ये ८ मीटर आहेत. दोन्हीकडे ३-३ सोडले की उरले २. त्यात १.२ मीटर व्यासाचा पाइल घातला तर प्रत्येक बाजूला ४० सेंटिमीटर सवलत. पाइलच्या आयएस २९११ या मानकाप्रमाणे उभ्या पाइलला दीड टक्का कल चालतो. २५ मीटर खोलीवर ते ३७.५ सेंटिमीटर होतात, वर जागेवरची चूक ७.५. एकूण ४५. म्हणजे १.२ चा पाइल बसत नाही, १ मीटरचा बसतो, तोही जेमतेम. बसला तर गर्डरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १४ मीटर. नाही बसला तर थेट २८ मीटर. गाळा दुप्पट झाला की वाकवणारा जोर चौपट होतो. दोन-सव्वादोन मीटरच्या गर्डरऐवजी चार मीटर उंचीचा गर्डर लागतो. वीस मजल्यांच्या इमारतीत ६० चौरस मीटर सांभाळणारा एक कॉलम सुमारे १,४५० टन खाली आणतो, त्यामुळे इथे हातचं राखायला काही उरत नाही.

पाइलचं टोक बोगद्याच्या तळाच्या खाली, कातळात गेलं पाहिजे. वरच्या लांबीत पाइलभोवती दुहेरी केसिंग (पोलादी नळीचं आवरण) किंवा बिटुमनचा लेप देऊन घर्षण तोडतात, म्हणजे पाइल आपला भार बोगद्याच्या कुशीत सोडत नाही. आणि छिन्नीने कातळ फोडणं इथे बंद. रोटरी रिगच, म्हणजे फिरवून खोदणारं यंत्रच आणायचं. सिंगापूर बोगद्यावरचं कंपन सेकंदाला १५ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतं, हाँगकाँग २५.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो कायमच्या भारात नव्हे, तात्पुरत्या भारात. चार मीटरचा गर्डर एका दमात ओतायचा ठरला, तर ओलं काँक्रीट त्याच्याखालच्या सेंट्रिंगवर (साच्याला धरणाऱ्या तात्पुरत्या टेकूंवर) चौरस मीटरला १० टन टाकतं. ते टेकू बोगद्याच्या माथ्यावरच्या जमिनीत उभे असतात. ज्या इमारतीचा एक किलोही बोगद्यावर यायचा नाही म्हणून एवढा खटाटोप केला, तिचं बांधकाम मर्यादेच्या पाचपट भार टाकून मोकळं होतं. उपाय दोनच. पहिला थर ७०-८० सेंटिमीटरचा ओतून, त्याला ताकद येऊ देऊन, पुढचे थर त्याच्या जिवावर ओतणे. किंवा पोलादी ट्रस आधी पाइलवर बसवून शटरिंग त्याला टांगणे. टप्प्यांत ओतल्याने काँक्रीटचं तापणंही आटोक्यात राहतं. सळ्यांचे ढीग, ट्रांझिट मिक्सरची रांग, क्रेनचे पाय यांचीही जागा नकाशावर आखून द्या. नाहीतर कंत्राटदार सगळं त्या मोकळ्या पट्ट्यातच ठेवणार. साइटवर रिकामी जागा तेवढीच असते.

भूकंपाचं विसरू नका. भूकंपाचं मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई-पुणे दोन्ही झोन ३ मध्ये आहेत, आणि तरंगते कॉलम (जमिनीपर्यंत न जाता तुळईवर टेकलेले) भूकंप पेलणाऱ्या मुख्य सांगाड्याचा भाग असतील तर ती आवृत्ती त्यांना मज्जाव करते. लिफ्ट-जिन्याचा गाभा आणि शिअर वॉल (आडवा धक्का पेलणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) सरळ जमिनीपर्यंत, म्हणजे बोगद्याच्या पट्ट्याबाहेर, उतरल्या पाहिजेत. गाभा गर्डरवर ठेवलेला आराखडा दिसला तर तिथेच थांबवा.

तिसरी रचना : राफ्ट आणि भारभरपाई

कागदावर ही सर्वांत स्वस्त. चार मीटर खोदले, चौरस मीटरला ७.६ टन गेले. राफ्ट एक मीटर जाडीचा, २.५ टन परत आले. उरले ५.१, त्यात १.२ टनांचे चार मजले बसतात. राफ्टचं वजन धरायला विसरलात तर हिशेब सहा मजल्यांचा येतो, आणि प्रस्तावांमध्ये तो तसा येतोही.

खरी अडचण मधल्या काळात आहे. बोगद्याला भार वाढलेला जसा चालत नाही, तसा कमी झालेलाही चालत नाही. बाहेरून ६.३५ मीटरचा बोगदा दर मीटर लांबीला सुमारे ३१.७ टन पाणी सरकवतो. त्याच्या अस्तराचं वजन जेमतेम १३. भूजल वर असेल तर उरलेले साडेअठरा टन वरच्या मातीने दाबून धरलेले असतात. त्यासाठी बुडालेली माती किमान सव्वातीन मीटर लागते, सुरक्षेची जोड वेगळी. घट्ट बेसॉल्टमध्ये कातळच बोगदा धरून ठेवतो, काळजी कमी. भराव टाकून केलेल्या जमिनीत किंवा खाडीच्या चिखलात मात्र हा पर्याय आम्ही सुचवणार नाही.

कातळ कुजका असेल तर खंड पाडूनच खोदायचं. २० बाय ३० मीटरचा खड्डा एकदम उघडला तर ८ मीटर खालच्या बोगद्यावर, भार खाली जाताना दोनास एक उतारात पसरतो असं धरून, दाब चौरस मीटरला ४.३ टनांनी घटतो. ५ बाय १५ चा एकच खंड उघडला तर १.९ टन, म्हणजे मर्यादेच्या काठावर आत. पण त्या खंडात राफ्ट ओतून, वर काँक्रीटचे ठोकळे रचून भार परत दिल्याशिवाय पुढचा खंड उघडता येत नाही. नाहीतर घट साचत जाते. यात महिने जातात. स्वस्तपणा तिथेच संपतो.

| | बाजूला | ओलांडून | राफ्ट |
|---|---|---|---|
| कधी | एका कडेला १८-२० मी. सलग जागा | पट्टा प्लॉटच्या मध्यातून | चार मजल्यांपर्यंत, चांगला कातळ |
| कुठे फसतं | चौकाची उंची, झाडांची माती | मधला पाइल, सेंट्रिंग | अर्धवट खोदलेला टप्पा |
| चौक | मोकळा, वर आकाश | बराचसा छताखाली | इमारतीने खाल्लेला |

आवाज, वारा आणि पाणी

गाडीचा थरकाप घरात गुरगुरीसारखा ऐकू येतो. अमेरिकी मार्गदर्शिका घरांसाठी ३५ डेसिबल आणि संगीतसभागृहासाठी २५ ची मर्यादा धरते. बाजूच्या इमारतीला बहुधा पाया आणि इमारत यांच्यामध्ये बसवलेले रबराचे बेअरिंग पुरतात, नैसर्गिक वारंवारता ८ ते १२ हर्ट्झ. ओलांडणाऱ्या इमारतीत सभागृह असेल तर पोलादी स्प्रिंग, ३ ते ५ हर्ट्झ. मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरखाली रेल्वे आहे आणि त्याच्या डेकला चार हजारांवर स्प्रिंगा आणि रबरी गाद्या आहेत. बेअरिंग क्वचितच बिघडतं. बिघडते ती बेअरिंगच्या पातळीवर पाया आणि इमारत यांच्यामध्ये सोडलेली फट. गवंडी प्लास्टर करताना फट मसाल्याने भरून टाकतो, किंवा प्लंबर ड्रेनेजची उभी लाइन वर-खाली दोन्हीकडे घट्ट क्लँपने आवळतो, आणि कंपन तिथून सरळ वर चढतं. ती फट शेवटपर्यंत रिकामी आणि दिसती ठेवा. प्रत्येक पाइपला लवचीक जोड द्या.

चौकात मेट्रोचे वायुवीजनाचे शाफ्ट आणि प्रवेशद्वार येत असतील तर त्यांची तोंडं पूरपातळीच्या वर हवीत. माणसं चालतात तिथे जाळीतून येणारा वारा सेकंदाला अडीच मीटरच्या आत ठेवा, नाहीतर लोक त्या बाजूने चालणंच सोडतात. चौकाखाली स्थानकाचा हॉल किंवा पार्किंग असेल, तर स्लॅबला ऐंशीस एक उतार, कडांना ३०० मिलिमीटर वॉटरप्रूफिंग वर चढवलेलं, आणि माती टाकण्याआधी ७२ तास पाणी साठवून चाचणी. त्याच स्लॅबवर ढोल-ताशा पथक उतरणार असेल, आणि आपल्याकडे ते उतरतंच, तर स्लॅबची वारंवारता ६ हर्ट्झच्या वर ठेवायला सांगा. ताल दोन-अडीच हर्ट्झचा असतो. त्याच्या दुपटीलाही स्लॅब डोलू नये.

सही करण्यापूर्वी

मेट्रोकडून बोगद्याचा प्रत्यक्ष बांधलेला नकाशा मागा, मूळ डिझाइनचा नव्हे. काम सुरू होण्याआधी बोगद्याच्या आतली मोजणी आणि भेगांची नोंद दोन्ही पक्षांच्या सह्यांनी करून घ्या; पुढे भेग सापडली तर ती कोणाची, हे त्याच कागदावर ठरतं. बोगद्याच्या भिंतीवर बसवलेले प्रिझम (प्रकाश परतवणाऱ्या खुणा) स्वयंचलित टोटल स्टेशनने, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने, मोजले जातात. मर्यादेच्या निम्म्यावर सूचना, पाऊणावर इशारा आणि पूर्ण मर्यादेला काम बंद, असे टप्पे करारातच लिहा. काम बंद राहिलेल्या दिवसांचा खर्च कोण सोसणार, हेही त्याच कलमात लिहा. ते कलम नसेल तर इशाऱ्याचा आकडा आला तरी साइटवर कोणी रिग थांबवायला तयार होत नाही.