पांढरं पिल्लू आणि ‘बेडलिंग्टन’चे कागद

बेडलिंग्टन टेरियर म्हणून पुण्यात कोणी दोन महिन्यांचं पांढरंशुभ्र पिल्लू पुढे केलं, तर टोकन देऊ नका. कुत्र्याची ही जात मोठेपणी कोकरासारखी दिसते, फिकट निळसर-करडी किंवा बदामी, फोटोत तर जवळजवळ पांढरीच. पण पिल्लं जन्मतात काळपट नाहीतर गडद तपकिरी, आणि रंग पुढे सावकाश उतरत जातो. आम्हाला हे कळलं तेव्हा एक लाख दहा हजार देऊन झाले होते.

विकणारा गृहस्थ वाघोलीच्या पुढे एका बंगल्यात बसतो. स्वतःला ब्रीडर म्हणवत नाही, ‘जातीचा प्रसार करतो’ म्हणतो. बोलायला गोड. “ताई, लॅब्रॅडॉर काय, कुणीही पाळतं. ही जात इथे रुजवायची तर तुमच्यासारखी घरं हवीत.” इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांनी ती उंदीर मारायला पाळली, पूर्वी तिला रॉथबरी टेरियर म्हणत, हे तो घडाघडा सांगतो, आणि ते खरं आहे. आईला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. बेडलिंग्टनचे केस फारसे गळत नाहीत, हेही खरंच. जातीबद्दल तो बरंचसं खरं बोलला. खोटं होतं ते समोरचं पिल्लू.

अशा जातीत विकणाऱ्याचं फावतं ते इथेच. लॅब म्हणून भलतं काही आणलं असतं तर सोसायटीच्या वॉचमननंही ओळखलं असतं. बेडलिंग्टन आमच्या अख्ख्या कोथरूडात कुणी पाहिलेला नाही, मग नाही कोण म्हणणार?

आता कागद. पिल्लू ‘इंपोर्टेड’, थेट पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरलं, असं त्यानं सांगितलं. परदेशातून पाळीव कुत्रा आणायचा तर क्वारंटाइन अधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती सोय मुंबई, दिल्ली, चेन्नईसारख्या मोजक्या विमानतळांवर आहे, पुण्यात नाही. त्यासाठी लागणारी रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्यानंतर महिनाभर थांबावं लागतं. म्हणजे दोन महिन्यांचं इंपोर्टेड पिल्लू ही वस्तूच नाही. शिवाय विक्रीसाठी पैदास करायला कुत्रे आयात करणं सरकारनं 2016 मध्येच बंद केलं आहे. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली, “ओरिजिनल चेन्नईहून येतंय.” ते अजून येतंच आहे. त्या झेरॉक्सवर मायक्रोचिपच्या (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) पंधरा आकडी नंबराचं स्टिकर होतं. एरंडवण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मानेपासून खांद्यापर्यंत, मग पोटाखालूनही स्कॅनर फिरवला. स्कॅनर गप्प. चिप नव्हतीच. डॉक्टरांनी पिल्लाचा रंग पाहून पहिल्या मिनिटालाच भुवया चढवल्या होत्या, ते वेगळं.

सगळ्यात चीड आली ती तांब्याच्या टेस्टची. बेडलिंग्टनमध्ये एक आनुवंशिक आजार आढळतो: अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही, यकृतात साठत जातं आणि यकृत निकामी होऊ शकतं. दोष कॉमडी-वन नावाच्या जनुकात असतो, आणि गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर त्याची डीएनए चाचणी होते. या जातीवर खरंच जीव असलेला माणूस आई-बापाची ती चाचणी आधी दाखवेल. यानं दाखवला साधा लिव्हर फंक्शनचा रिपोर्ट, तोही नावाच्या जागी नुसतं ‘डॉग’ लिहिलेला. वर म्हणतो, “कॉपर क्लिअर आहे.” तांबं साठत असतानाही रक्तातले आकडे बराच काळ ठीक दिसू शकतात, तेव्हा असा रिपोर्ट खरा असला तरी त्यावरून जनुकाचं काही कळत नाही.

निघताना सहा हजारांचं ‘स्ट्रिपिंग किट’ गळ्यात मारलं. टेरियरचे मेलेले केस उपटून काढावेच लागतात म्हणे. बऱ्याच टेरियरांचे काढतात. बेडलिंग्टनचे केस मात्र कात्रीनं कापून आकार देतात. जातीच्या प्रसारकाला एवढं ठाऊक नसावं! की ठाऊक असून विकलं, देव जाणे.

पिल्लू आता मोठं झालंय. शेपूट पाठीवर गोल वळते (बेडलिंग्टनची खाली असते, टोकाकडे निमुळती), आणि केस इतके गळतात की आई दिवाणखान्यात बसत नाही. ते घरीच राहणार, त्यावर वाद नाही. नाव भिकू, आणि वेडं आहे.

भांडण पैशांचं आहे. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. त्याच्याकडे नंबर मागितला तर “आम्ही ब्रीडर नाही, प्रसारक” हे उत्तर. ही पळवाट तुम्हालाही ऐकवली जाईल. पैसे घेऊन पिल्लू विकणाऱ्याकडून नोंदणीचा कागद मागाच. पैसे आम्ही दोन हप्त्यांत यूपीआयनं दिले होते. पावतीवर नाव त्याचं, खातं भलत्याच बाईचं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर खूप दिवस गेले होते आणि खातं रिकामं होतं. तुमचे पैसे गेले असतील तर त्याच दिवशी फोन करा, लवकर कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. ग्राहक आयोगात आमचा अर्ज आहे. डॉक्टरांनी चिप नसल्याचं लेटरहेडवर लिहून दिलंय, चॅटचे स्क्रीनशॉट जोडलेत. सध्या तो ‘प्रसारक’ डँडी डिनमाँट टेरियर ही अशीच दुर्मिळ जात विकतोय, भाव दीड लाख.