श्राइन सभागृहातील अकरा मात्रा

ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडचे वादन ऐकायला सुरुवात कोठून करावी, असे कोणी विचारले की जाणकारांची उत्तरे ठरलेली असतात : १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘लाइव्ह/डेड’, १९७२चा युरोप दौरा किंवा मे १९७७ मधील कॉर्नेल विद्यापीठातील मैफल. ‘टू फ्रॉम द व्हॉल्ट’ या संचाचे नाव या यादीत क्वचितच येते. २४ ऑगस्ट १९६८ रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन सभागृहात झालेल्या मैफलीचे हे ध्वनिमुद्रण चोवीस वर्षे पेटीत पडून होते आणि १९९२ मध्ये दोन सीडींच्या रूपाने बाहेर आले. गेली काही वर्षे मी ते पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे, आणि या बँडच्या सुरुवातीच्या काळाची ओळख करून घेण्यासाठी ‘लाइव्ह/डेड’पेक्षाही हाच संच आधी ऐकावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तो मागे का पडला, हे समजण्याजोगे आहे. १९९३ पासून ‘डिक्स पिक्स’ या नावाने बँडच्या जुन्या मैफली एकापाठोपाठ एक प्रसिद्ध होऊ लागल्या आणि २००५ पर्यंत त्या मालिकेचे ३६ भाग निघाले. हा संच ज्या मालिकेचा दुसरा भाग आहे, त्या ‘व्हॉल्ट’ मालिकेचा तिसरा भाग मात्र २००७ पर्यंत आलाच नाही. शिवाय ‘लाइव्ह/डेड’मधील ‘डार्क स्टार’, ‘सेंट स्टीफन’ आणि ‘द इलेव्हन’ ही सलग साखळी येथेही त्याच क्रमाने असल्यामुळे अनेकांनी हा संच त्या प्रसिद्ध अल्बमची कच्ची तालीम समजून बाजूला ठेवला असावा.

या मुद्रणाचा तांत्रिक इतिहासही सांगण्यासारखा आहे. मैफल ८ ट्रॅकच्या, म्हणजे आठ स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या टेपवर नोंदवली गेली, परंतु मोठ्या आवाजात वाजणाऱ्या बँडसमोर मायक्रोफोन कसे मांडावेत याचे शास्त्र तेव्हा पुरते बसलेले नव्हते. एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरला होता, आणि तोही किंचित उशिरा. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे तीन मीटर लांबच्या मायक्रोफोनपर्यंत पोहोचायला त्याला जवळजवळ ९ मिलिसेकंद लागतात. असे पुढेमागे झालेले दोन आवाज एकत्र केले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळे वादन पोकळ, धुरकट ऐकू येते. बँडचे ध्वनितंत्रज्ञ डॅन हिली यांनी डॉन पिअर्सन यांच्या मदतीने डिजिटल विश्लेषकाने हे अंतर मोजले आणि मिश्रण करताना ट्रॅकना नेमका तेवढा विलंब देऊन ते आवाज एका रेषेत आणले. त्या श्रमाचे फळ पहिल्या काही मिनिटांतच कळते. बास गिटारचा स्वर गोल आणि ठाशीव येतो, दोन ड्रमवादकांचे काम वेगळे ओळखता येते आणि मंचाची खोली जाणवते.

‘डार्क स्टार’ हे गाणे एप्रिल १९६८ मध्ये छोट्या तबकडीवर आले तेव्हा पावणेतीन मिनिटांचे होते. ‘लाइव्ह/डेड’मध्ये ते तेवीस मिनिटांवर गेले. श्राइनमध्ये ते साधारण अकरा मिनिटे चालते, आणि म्हणूनच मला ते फार मोलाचे वाटते, कारण एखाद्या चिजेची बढत अजून आकार घेत असताना ती ऐकायला मिळणे दुर्मीळ असते. गिटारवादक जेरी गार्सिया एखादा स्वरसमूह घेतात, तो उलटसुलट करून पाहतात, आणि फिल लेश यांचा बास त्यांच्या मागे न जाता त्यांच्याशी बोलत राहतो.

तेथून ‘सेंट स्टीफन’मार्गे वादन ‘द इलेव्हन’पर्यंत पोहोचते, आणि हा या संचाचा कळस आहे. या रचनेचे आवर्तन अकरा मात्रांचे असून तिची विभागणी तीन-तीन-तीन-दोन अशी पडते. रुद्रतालाशी परिचय असलेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला अकराचे अप्रूप वाटणार नाही, पण १९६८च्या रॉक संगीतात ते धाडसच होते. ड्रमवादक मिकी हार्ट त्या सुमारास उस्ताद अल्लारखा यांच्या सहवासात आले होते आणि त्यांच्याकडे शिकले. पुढे अल्लारखांचे पुत्र झाकीर हुसेन यांच्यासह त्यांनी १९७६ मध्ये ‘डिगा’ आणि १९९१ मध्ये ‘प्लॅनेट ड्रम’ हे अल्बम केले. मुंबईच्या तबल्याशी जुळलेल्या या नात्याची सुरुवातीची ओढ ‘द इलेव्हन’मध्ये ऐकू येते असे मला वाटते. अखेरच्या दोन मात्रांवर सहा जणांचा तोल क्षणभर पुढे झुकतो आणि समेवर सगळे एकत्र उतरतात; हे इतक्या वेळा आणि इतक्या वेगाने घडते की काही वेळाने मोजणे थांबते आणि शरीरालाच अकरा कळू लागतात. हाताने ताल धरून एकदा ऐकावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. सुरुवातीचे ‘गुड मॉर्निंग लिटल स्कूलगर्ल’ गरजेपेक्षा बरेच लांबले आहे, आणि एकत्र गायनात या मंडळींचे सूर जागोजागी ढळतात. बँडचे गायक आणि ऑर्गनवादक पिगपेन यांचे ऑर्गनवादन लांब, मोकळ्या रचनांमध्ये बिचकत चालते. तेच पिगपेन दुसऱ्या सीडीवर ‘टर्न ऑन युवर लव्हलाइट’ गायला उभे राहतात तेव्हा मात्र पंधरा मिनिटांहून अधिक काळ सभागृह त्यांच्या मुठीत असते. १९७३ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज इतका जवळून आणि स्वच्छ ऐकवणारी मुद्रणे फारशी नाहीत.

दुसऱ्या सीडीच्या आरंभीच्या ‘दॅट्स इट फॉर द अदर वन’ आणि ‘न्यू पोटॅटो कबूस’ या दोन रचनांविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे. याच मैफलीच्या महिनाभर आधी, जुलै १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बँडच्या ‘अँथम ऑफ द सन’ या अल्बममध्ये त्या अनेक मैफलींचे तुकडे आणि स्टुडिओतील मुद्रण एकमेकांत विणून तयार केल्या होत्या. त्या अल्बमचे कसब मान्य करूनही तेथे माझे लक्ष सांध्यांकडे जाते. श्राइनमध्ये त्याच रचना सहा माणसे एका मंचावर, हाताने, थेट वाजवतात, आणि त्या विणकामाखाली मुळात किती भक्कम संगीत होते हे प्रथमच स्पष्ट होते.

ज्यांना संपूर्ण संच ऐकण्याइतका वेळ नाही त्यांनी पहिल्या सीडीवरील ‘डार्क स्टार’पासून ‘डेथ डोन्ट हॅव नो मर्सी’पर्यंतचा भाग मध्ये न थांबता, शक्यतो हेडफोनवर ऐकावा. ‘द इलेव्हन’ची धग अजून अंगात असतानाच बँड त्या संथ, शोकमग्न ब्लूजमध्ये उतरतो, गार्सियांचा आवाज सावकाश पुढे येतो, आणि प्रत्येक ओळीनंतर त्यांची गिटार तीच ओळ पुन्हा एकदा, शब्दांशिवाय म्हणते.