सोशल मीडिया सांभाळायला दिला आणि आमचं खातंच गेलं

आकडा आधी सांगते, कारण तोच डोक्यातून जात नाही: १ लाख ५५ हजार. दरमहा १२ हजार फी, सात महिन्यांची ८४ हजार. जाहिरातींसाठी म्हणून दरमहा ८ हजार वेगळे, ते झाले ५६ हजार. आणि आमचंच खातं आम्हाला परत देण्यासाठी मागितलेले १५ हजार. तेही भरले, आणि खातं मिळालं नाही.

मी कापडी पिशव्या शिवून विकते. शिवणाऱ्या चौघीजणी, पॅकिंग आणि हिशोब बघणारी एक मुलगी, आणि मी. इन्स्टाग्रामचं खातं त्या मुलीनेच तीन वर्षांपूर्वी तिच्या फोनवरून उघडलं होतं. हातातलं काम आवरलं की ती पिशवीचे दोन फोटो काढायची, खाली माप आणि कापड लिहायची, मेसेजना उत्तरं द्यायची. २,१४० फॉलोअर्स होते आणि महिन्याला ३५-४० ऑर्डरी तिथून यायच्या. चांगलं चाललं होतं, हे आज कळतंय. तेव्हा मला वाटत होतं की हिशोब लिहिणाऱ्या मुलीने फावल्या वेळात करायचं हे काम नाही, त्यातलं कळणारा कुणीतरी हवा.

सोशल मीडिया सांभाळून देतो म्हणणारा तो माणूस कसा आला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मोफत तपासणी, लाल रंगातला घसरता आलेख, इतर विक्रेते कुठे पोहोचले त्याची यादी. मी डोळे मिटून हो म्हटलं नाही. आधीच्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर मागितले, तिघांशी बोलले. तिघांनी तोंडभरून कौतुक केलं. ते तिघे त्याचेच असतील असं कुणाच्या मनात येईल? पंधरा वर्षं धंदा करतेय, कापडाचा ठोक व्यापारी मापात कुठे मारतो ते मला बरोबर कळतं. हे क्षेत्र माझं नव्हतं, एवढंच.

खरी चूक एका दुपारी झाली आणि ती माझ्या समोर झाली. तो लॅपटॉप घेऊन बसला. म्हणाला, "मॅडम, घरगुती ईमेल बरा दिसत नाही, धंद्यासाठी वेगळा करू." नवा ईमेल त्याने त्याच्याच लॅपटॉपवर उघडला. माझ्या फोनवर कोड आला, तो मी मोठ्याने वाचून दाखवला. मग दुहेरी पडताळणीचं ॲप, म्हणजे खात्यात शिरताना पासवर्डशिवाय लागणारा दुसरा कोड देणारं, त्याच्या फोनवर चढलं. फेसबुकचं पेज त्याच्या बिझनेस पोर्टफोलिओत गेलं, म्हणजे धंद्याची पेजेस आणि जाहिराती जिथून एकत्र सांभाळतात त्या त्याच्या खात्यात. पलीकडे पॅकिंग करत बसलेली मुलगी म्हणाली, "ताई, पण मालकी कुणाच्या नावावर राहणार?" तो लगेच म्हणाला, "सगळ्या क्लायंटची पेजेस आमच्याकडेच असतात." आणि मी तिला म्हटलं, "तू तुझं काम बघ."

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. अख्ख्या खोलीत योग्य प्रश्न एकीनेच विचारला होता.

पोर्टफोलिओ तुमच्या नावाचा असला पाहिजे. पेज आणि जाहिरातीचं खातं त्यात तुमचं, आणि बाहेरच्या माणसाला भागीदार म्हणून जोडून फक्त कामापुरता प्रवेश: पोस्ट टाकणं, मेसेज बघणं, जाहिरात लावणं. पूर्ण नियंत्रण ज्याच्या हातात तो तुम्हालाही काढून टाकू शकतो. मला तसंच काढलं.

दुसरी खूण चौथ्या महिन्यात समोर होती. फॉलोअर्स ११,६०० झाले आणि मी चार जणांना कौतुकाने दाखवत होते. त्याच आठवड्यात एका पोस्टला ११ लाइक्स होते. खाली 'नाईस', 'सुपर', एवढंच. पिशवी केवढ्याला, हे एकानेही विचारलं नव्हतं. त्या महिन्यात ऑर्डरी आल्या ३१. फॉलोअर्स कुठल्या देशातले आहेत ते इन्साइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत, दिसतं. मुलीने उघडून दाखवलं, तर निम्म्याहून जास्त अशा देशांतले जिथे आम्ही एकही पार्सल कधी पाठवलेलं नाही. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अल्गोरिदम शिकतोय, दोन महिने द्या." मी दिले. म्हणजे आणखी ४० हजार.

जाहिरातीचे पैसे तो स्वतःच्या खात्यावर मागायचा. कार्ड जोडलं की अडचणी येतात म्हणे. एक लक्षात ठेवा, कार्ड तुमचंच जोडा. मग खर्च थेट तुमच्या स्टेटमेंटला दिसतो आणि पावतीही तुम्हालाच येते. मला तो स्क्रीनशॉट पाठवायचा आणि मी त्यालाच पावती समजायचे. फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालू असलेली कुणाचीही जाहिरात मेटाच्या, म्हणजे ती चालवणाऱ्या कंपनीच्या, ॲड लायब्ररी या वेबपानावर फुकट बघता येते, खातं नसलं तरी. हे मला सहाव्या महिन्यात कळलं. आमचं नाव टाकलं, एकही जाहिरात नाही. दहा दिवसांनी परत बघितलं, तेव्हाही नाही. दोन्ही वेळा त्याचं म्हणणं एकच, "नुकतीच संपली."

सातव्या महिन्याच्या शेवटी मी काम थांबवते म्हटलं आणि त्याच संध्याकाळी खात्यातून बाहेर फेकले गेले. मग 'हस्तांतरण शुल्क' ४० हजार. घासाघीस करून १५ हजार आगाऊ पाठवले. त्यानंतर त्याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात पाच खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा सांगितलं, सायबरला जा. सायबरवाल्यांनी सांगितलं, आधी ठाण्यातून अर्ज आणा. परत ठाण्यात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "पासवर्ड तुम्हीच दिलात ना? मग चोरी कसली? हा तुमचा देण्याघेण्याचा वाद." फोनवर आलेले धमकीचे मेसेज, खोटे स्क्रीनशॉट, सगळं छापून नेलं होतं. त्याने कागद उलटूनसुद्धा पाहिले नाहीत. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायला पाचवी खेप लागली, आणि त्या दिवशीही समोरच्याने विचारलं, "फॉलोअर्स गेले म्हणजे नक्की काय गेलं?" माझा महिन्याचा निम्मा धंदा गेला, चौघींच्या हातचं काम गेलं. हे किती वेळा आणि कुणाला समजावायचं? बँकेत सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. ज्या खात्यावर पैसे गेले ते गोठवायला सांगा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस पत्र देईनात. मी काउंटरवरच रडले, आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं गेलं.

लेखी करार नव्हता, हाही माझाच दोष. काम थांबल्यावर किती दिवसांत कुठला प्रवेश परत द्यायचा, ही एक ओळ लिहून घ्या. जो ती लिहून द्यायला टाळतो त्याला तिथूनच परत पाठवा. आणि फोनवर ठरलेलं प्रत्येक बोलणं नंतर मेसेजने पाठवून ठेवा. माझं निम्मं बोलणं हवेत गेलं.

गुगलवरची आमची नोंद तेवढी वाचली. ती मुलीने माझ्या ईमेलवर केली होती. मुख्य मालक मी होते, त्याला फक्त व्यवस्थापक केलं होतं, आणि व्यवस्थापकाला मालकाला काढता येत नाही. इन्स्टाग्रामचं खातं परत मागताना सुरुवातीचा ईमेल, नंबर आणि कुठल्या फोनवरून उघडलं होतं ते विचारतात. ते सगळं तिलाच माहीत. मी तिच्यासमोर जाऊन बसले. तिने एका शब्दाने टोचलं नाही, जुना फोन शोधून काढला. अर्ज गेलाय, अजून उत्तर नाही.

नवं खातं तिने उघडलंय, माझ्या ईमेलवर, पडताळणीचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात. ३१२ फॉलोअर्स झालेत. जुन्या खात्यावर आमच्याच पिशव्यांचे फोटो आहेत आणि तिथे आता आगाऊ पैसे मागितले जातात. परवा एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी तिथे १,२०० भरले आणि पिशव्या कधी येतील ते विचारायला मला फोन केला. त्यांच्या पिशव्या मी शिवून पाठवतेय. तुमच्याकडे ते जुनं खातं असेल तर तिथे एक पैसाही पाठवू नका.